‘व्हिस्पर’ खरंच ओसरतंय का?

हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींच्या गप्पांत हल्ली एक वाक्य हटकून येतं : व्हिस्परचे दिवस गेले, आता सगळे एफटी८वर. (दोन्ही संगणकाने वाचायच्या संदेशपद्धती, म्हणजे ‘मोड’.) ऐकणारे माना डोलावतात, कारण त्यांच्याही शॅकमधून, म्हणजे रेडिओच्या खोलीतून, तेच दिसत असतं. वीस मीटर बँडवर १४.०७४ मेगाहर्ट्झला एफटी८ची अशी झुंबड, की पाय ठेवायला जागा नाही. तिथून जरा वर, १४.०९७च्या आसपास, व्हिस्परची जेमतेम २०० हर्ट्झची पट्टी आहे. तिथे कान लावला तर फारतर खरखर ऐकू येते. कानाला काही लागत नाही, म्हणजे तिथे कुणी नाही, असं धरून चालण्यात गफलत आहे. व्हिस्पर कानासाठी बनलेलंच नाही.

जो टेलर यांनी हा प्रकार २००८मध्ये हौशी रेडिओवाल्यांसमोर ठेवला. रसेल हल्स यांच्यासह १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे, जोडपल्सार शोधणारे, तेच हे प्रिन्स्टनचे टेलर. अवकाशातून येणारे अतिक्षीण स्पंद गोंगाटातून वेचून काढण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी तोच हात आपल्या छंदावर चालवला. व्हिस्परचं स्टेशन दर वेळी एकच गोष्ट सांगतं : मी कोण, कुठून बोलतोय आणि किती शक्ती वापरतोय. पुण्यातून निघालेल्या संदेशात कॉलसाइनच्या पुढे एमके६८ हा नकाशाचा चौकोन आणि २३ हा आकडा असेल. तेवीस डीबीएम म्हणजे २०० मिलिवॉट. सगळा संदेश ५० बिटांचा, आणि तो पाठवायला तब्बल ११०.६ सेकंद लागतात. सम मिनिट उलटून एक सेकंद झाला की सुरुवात. त्यामुळे घड्याळ सेकंद-दोन सेकंदांपलीकडे चुकलेलं चालत नाही. ज्याला ऐकू आलं त्याचा संगणक ती नोंद परस्पर इंटरनेटवरच्या सामायिक कोठारात टाकतो.

‘तिथे कुणी उत्तरच देत नाही’ ही तक्रार म्हणूनच मुळात गैरलागू आहे. उत्तर देण्याची सोय त्यात नाही, आणि ती ठेवलेली नाही हे बरंच. स्टेशन साधारण पाचातल्या एका खेपेला पाठवतं, उरलेला वेळ ऐकत राहतं. माणूस तेव्हा ऑफिसात असतो किंवा झोपलेला असतो. गप्पा मारणाऱ्यांची वर्दळ दिसते, मोजमाप करणाऱ्यांची दिसत नाही.

‘एफटी८ने व्हिस्पर गिळलं’ या म्हणण्यात मात्र तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७मध्ये एफटी८ आणलं. पंधरा सेकंदांच्या पाळ्या, दीडेक मिनिटात क्यूएसओ (दुतर्फा संपर्क) पुरा, लॉगमध्ये नवा देश. शिवाय कोणाचा सिग्नल कुठे पोचला हे पीएसके रिपोर्टरच्या नकाशावर आपोआप उमटतं. ‘आपली नवी अँटेना कुठवर जाते’ एवढंच बघायला जे व्हिस्पर लावायचे, त्यांचं काम तिथेच भागू लागलं. ती गर्दी गेली, ती परत येईल असं मला वाटत नाही.

पण एफटी८च्या संदेशात शक्तीचा आकडा नसतो. समोरचा पाच वॉटवर आहे की पाचशेवर, हे नोंदीवरून कळत नाही. व्हिस्परच्या प्रत्येक नोंदीत तो असतो, म्हणून दोन अँटेनांची, दोन दिवसांची, दोन ऋतूंची तुलना करता येते. त्यातही एक मेख आहे : तो आकडा पाठवणाऱ्याने स्वतः भरलेला असतो. वॉटमीटरला हात न लावता अंदाजपंचे २३ टाकणारे महाभाग काही कमी नाहीत.

आता व्हिस्परच्या कैवाऱ्यांचा गैरसमज. ते लगेच कोठाराकडे बोट दाखवतात : नोंदी अब्जांत गेल्या आहेत, मग ओहोटी कसली? नोंदी अब्जांत आहेत हे खरं, पण नोंद म्हणजे माणूस नव्हे. एकाच प्रक्षेपणाला साठ ठिकाणी ऐकलं गेलं की साठ ओळी पडतात. पूर्वी एक रिसीव्हर एका वेळी एकाच बँडवर बसायचा. आता किवी-एसडीआरसारखा डबा एकाच अँटेनावर अनेक बँड एकदम ऐकतो आणि रात्रंदिवस ओळी ओतत राहतो. तो चालवणाऱ्याने महिनाभर शॅकचं दार उघडलं नाही तरी त्याची ‘हजेरी’ वाढतच जाते. ओळी वाढल्या म्हणजे हौस वाढली, हे ‘मोड मेला’ म्हणण्याइतकंच कच्चं अनुमान आहे. माझ्या मते घडलंय ते असं, की हौसेने पंधरा दिवस लावून बघणारे घटले आणि कायमची बसवलेली उपकरणं वाढली.

त्यात सूर्याचाही हात आहे. डिसेंबर २०१९मध्ये सौरचक्र तळाला होतं. वरचे बँड दिवसच्या दिवस निपचित असताना, निदान कुठे काही पोचतंय का, हे बघायला व्हिस्परसारखा सोबती नव्हता. ऑक्टोबर २०२४मध्ये नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी सूर्य कमाल टप्प्यात पोचल्याचं जाहीर केलं. दहा मीटर पाच वॉटवर जगभर उघडा असताना बीकन, म्हणजे नुसता सिग्नल पाठवत राहणारा ट्रान्समीटर, कोण लावतं? लोक माइक घेऊन बसले.

‘उणे २८ डेसिबल, म्हणजे गोंगाटाच्या कितीतरी खाली गाडलेला सिग्नल, काहीतरी जादू आहे’ हेही वारंवार ऐकू येतं. जादू नाही, हिशेब आहे. तो आकडा २५०० हर्ट्झ रुंदीतल्या सगळ्या गोंगाटाच्या तुलनेत काढलेला असतो. व्हिस्परचा सिग्नल मात्र सुमारे ६ हर्ट्झमध्ये मावतो. तेवढ्याच फटीतून पाहिलं तर गोंगाट चारशे पटींहून कमी होतो, म्हणजे जवळजवळ २६ डेसिबलची सूट मिळते. राहिलेलं काम मंद गती आणि चुका सुधारणारा कोड करतात. थोडक्यात, वेळ देऊन पोच विकत घेतलेली आहे.

‘हा खेळ आहे, विज्ञान नव्हे’ हा आक्षेप तर आता टिकतच नाही. अमेरिकेतल्या हॅमसाय या गटाने २०१७, २०२३ आणि २०२४च्या सूर्यग्रहणांत हौशी रेडिओच्या नोंदींचा उपयोग रेडिओलहरी परतवणाऱ्या आयनोस्फियरच्या अभ्यासासाठी केला. २१ ऑगस्ट २०१७च्या ग्रहणात सावली सरकत गेली तसं १४ मेगाहर्ट्झवरचं दळणवळण रोडावलं आणि खालचे, एरवी दिवसा दबलेले बँड जागे झाले. असं काही पकडायचं तर उपकरण ग्रहणाच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि काहीच घडत नसतानाही चालू असावं लागतं. अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा १९०४पासून मोजते आहे. तिथली हौस ओसरली का, असं कुणी विचारत नाही.

विज्ञान म्हटलं की अतिरेकही आला. ८ मार्च २०१४ला क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं एमएच३७० हे विमान २३९ जणांसह नाहीसं झालं. काही वर्षांनी एका निवृत्त ब्रिटिश एअरोस्पेस अभियंत्याने दावा केला, की व्हिस्परच्या त्या रात्रीच्या जुन्या नोंदींतून विमानाचा मार्ग काढता येतो : विमान आडवं आलं की सिग्नल हलतो, ते हेलकावे जोडत जायचे. बातम्या जगभर झळकल्या, मराठी वाहिन्यांवरही हे ऐकलेलं अनेकांना आठवत असेल. विमानावरून रेडिओलहरी परततात यात खोटं काही नाही. १४४ मेगाहर्ट्झवर आणि त्याहून वर हौशी लोक त्याचा फायदा घेतात, तेही काही शे किलोमीटरच्या आत. पण हजारो किलोमीटरवरच्या चार-दोन वॉटचा सिग्नल विमानावर आपटून पुन्हा हजारो किलोमीटर जाईल तेव्हा त्यात राहील काय? आणि कोठारात तरी काय आहे? दर दोन मिनिटांच्या खेपेला सिग्नलचा एक आकडा, वारंवारितेचा एक आणि ती किती सरकली याचा एक. आयनोस्फियर एकटंच तो पहिला आकडा दहा-दहा डेसिबलनी वरखाली करत असतं. खुद्द टेलर यांनी ही कल्पना जाहीरपणे धुडकावली. तरी ती अजून फिरतेच आहे.

जुने मोर्स बीकन मोडीत निघाले, असंही म्हणतात. एनसीडीएक्सएफ या संस्थेचं अठरा बीकनांचं जाळं अजून आहे. काही अधूनमधून बंद पडतात एवढंच. पाच वारंवारितांवर तीन मिनिटांचं चक्र, प्रत्येकाला दहा सेकंद : कॉलसाइन आणि पहिली रेघ १०० वॉटवर, मग १०, १ आणि ०.१ वॉटवर एकेक रेघ. महाराष्ट्राला सगळ्यांत जवळचा बीकन श्रीलंकेतला, ४एस७बी. १४.१००वर त्याची शेवटची रेघ ऐकू आली, तर बँड उघडा आहे हे सांगायला संगणक लागत नाही.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. व्हिस्पर ऐकणारे बहुतेक जण युरोपात आणि उत्तर अमेरिकेत आहेत. चुंबकीय विषुववृत्त केरळच्या टोकाला, थुंब्याजवळून जातं. तिथलं आणि आपल्या डोक्यावरचं आयनोस्फियर संध्याकाळी विलक्षण चंचल असतं. नेमक्या याच पट्ट्यात ऐकणारी ठाणी विरळ. पुण्याचा २०० मिलिवॉट जर्मनीत उमटतो आणि नागपुरात उमटत नाही, तेव्हा दोष सिग्नलचा असेलच असं नाही. एवढं अंतर वरच्या बँडांवर बऱ्याचदा लहरींच्या उडीखाली राहून जातं, आणि ते वगळलं तरी नागपुरात ऐकणारा बसलेला असायला हवा ना!

शेवटी, हौस नव्याने कुठे वाढतेय हे बघायचं तर फुग्यांकडे बघावं. हातात मावेल एवढी पाटी, सौरपत्रं आणि वीस-पंचवीस मिलिवॉटचा व्हिस्पर ट्रान्समीटर बांधलेले पिको फुगे दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करतात. ११ फेब्रुवारी २०२३ला अमेरिकी लढाऊ विमानाने युकॉनवर एक अज्ञात वस्तू पाडली. इलिनॉयमधल्या हौशी गटाचा फुगा आदल्याच दिवशी अलास्काच्या किनाऱ्यापाशी शेवटचा ऐकू आला होता. पाडलेली वस्तू म्हणजे हाच फुगा, हे कधी सिद्ध झालं नाही. या फुग्यांमुळेच कोठारात क्यू, ० किंवा १ने सुरू होणारे चमत्कारिक कॉलसाइन दिसतात. असे कॉलसाइन कोणत्याही देशाला दिलेले नाहीत. उंची, तापमान, बॅटरीचा दाब हे सगळं त्या बनावट कॉलसाइन, चौकोन आणि शक्तीच्या आकड्यांत लपवून पाठवलेलं असतं. तेव्हा कोठारातून स्टेशनांची मोजदाद करून हौस चढली की उतरली हे सांगणाऱ्याने आधी या ओळी गाळल्या आहेत का, ते विचारून घ्यावं.