बहिर्गामी जोडणीसाठी नेटवर्क इंटरफेसची निवड

बहिर्गामी जोडणीसाठी नेटवर्क इंटरफेसची निवड म्हणजे एकाहून अधिक मार्गांनी जाळ्याशी जोडलेल्या संगणकावर एखाद्या प्रोग्रामची माहिती कोणत्या मार्गाने बाहेर जावी, हे ठरविण्याची प्रक्रिया होय. तारेची जोडणी, वाय-फाय, मोबाइल डोंगल आणि व्हीपीएनचा आभासी इंटरफेस एकाच वेळी चालू असू शकतात व प्रत्येकाला सहसा स्वतःचा आयपी पत्ता असतो.

सर्वसाधारणपणे हा निर्णय प्रोग्राम घेत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम घेते. ती गंतव्य पत्ता मार्ग-सारणीत शोधते आणि त्याच्याशी सर्वाधिक जुळणारी नोंद निवडते. विशिष्ट नोंद नसल्यास ‘डीफॉल्ट’ मार्ग वापरला जातो. असे दोन मार्ग असल्यास ज्याचे ‘मेट्रिक’ कमी, त्याला प्राधान्य मिळते.

पत्ता आणि इंटरफेस यांतील भेद

जोडणीपूर्वी ‘बाइंड’ करून प्रोग्रामला आपले सॉकेट विशिष्ट आयपी पत्त्याशी बांधता येते. त्यामुळे इंटरफेसही निश्चित झाला, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. बाइंडने ठरतो तो पॅकेटवरील उगम पत्ता. पाकिटावर प्रेषकाचा पत्ता नाशिकचा असला, म्हणून ते नाशिकच्याच टपालपेटीत टाकले जाते असे नव्हे. लिनक्समध्ये मार्ग मुख्यतः गंतव्यावरून ठरत असल्याने वाय-फायचा पत्ता असलेले पॅकेट तारेच्या जोडणीने जाऊ शकते. दोन्ही जोडण्या एकाच राउटरकडे जात असतील तर हे लक्षातही येत नाही. सेवादाते वेगळे असतील तर अनोळखी उगम पत्त्याचे पॅकेट बहुधा टाकून दिले जाते आणि प्रोग्राम उत्तराची वाट पाहत खोळंबतो. १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये या संदर्भात ‘सबल’ व ‘दुर्बल’ अशा दोन प्रतिमानांची चर्चा आहे. लिनक्सचे वर्तन दुसऱ्या प्रकारचे आहे. विंडोजने व्हिस्टापासून आयपीव्ही४ साठी पहिले स्वीकारले.

इंटरफेसच पक्का करण्यासाठी लिनक्समध्ये ‘एसओ_बाइंडटूडिव्हाइस’ हा सॉकेट-पर्याय आहे. पूर्वी त्यासाठी विशेषाधिकार लागत, कर्नल ५.७ (२०२०) पासून, आधी कोणत्याही इंटरफेसशी न बांधलेल्या सॉकेटसाठी, सामान्य वापरकर्त्यालाही तो वापरता येतो. मॅकओएसमध्ये ‘आयपी_बाउंड_आयएफ’ हा समांतर पर्याय आहे.

व्हीपीएन आणि गोपनीयता

व्हीपीएन खंडित झाल्यावर त्याच्या नोंदी मार्ग-सारणीतून गेल्या, तर न बांधलेला प्रोग्राम कोणतीही सूचना न देता नेहमीच्या जोडणीने संपर्क साधू लागतो आणि वापरकर्त्याचा खरा आयपी पत्ता उघड होतो. म्हणूनच काही टॉरंट प्रोग्राम इंटरफेस निवडण्याची सोय देतात. जेथे अशी सोय नाही, तेथे लिनक्समध्ये प्रोग्रामला स्वतंत्र ‘नेटवर्क नेमस्पेस’मध्ये चालविणे हा भक्कम उपाय ठरतो: तेथे व्हीपीएनखेरीज बाहेर जाण्याचा इंटरफेसच ठेवला जात नाही. केवळ सॉकेट बांधल्याने मात्र डीएनएसचा प्रश्न सुटत नाही. संकेतस्थळाचे नाव पुष्कळदा ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी सेवा शोधते, आणि तिची विचारणा प्रोग्रामच्या निवडीला न जुमानता डीफॉल्ट मार्गाने जाऊ शकते.