'अनुभव' मोजणार कसा?

सीवूड्स-दारावेला लोकलमधून उतरलात की मॉल डोक्यावरच. आत शिरणारे सगळे 'अनुभव' घ्यायला येतात का? कित्येक जण नुसती एसीची हवा खाऊन बाहेर पडतात. (मीही त्यातलीच.)

'जागतिक ब्रँड अनुभव विकून वाढतात' हे माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमधलं वाक्य. गाइडनी समासात लिहिलं, "अनुभव म्हणजे काय? मोजणार कसा?" सिनॉप्सिस परत! तुमचं तसं होऊ नये.

कल्पना पाइन आणि गिल्मोर यांनी १९९८ मध्ये मांडली: कच्चा माल, वस्तू, सेवा आणि त्यावरची पायरी अनुभव. वाचायला छान, तपासायला अवघड. तुर्भ्याचं आयकियाच घ्या, डिसेंबर २०२० मध्ये उघडलेलं. सजवलेल्या खोल्यांतून फिरा, सोफ्यावर बसून बघा, काहीतरी खा, मग कपाट घरी नेऊन स्वतः जोडा. यातला 'अनुभव' कुठला? ही तर चार वेगळी व्हेरिएबल्स झाली.

नॉर्टन, मोकॉन आणि एरिअली यांनी २०१२ च्या पेपरमध्ये फक्त जोडणी सुटी काढली. स्वतः जोडलेल्या साध्या खोक्याला लोकांनी आयत्या खोक्यापेक्षा जास्त किंमत देऊ केली. जोडणी अर्धवट ठेवायला लावली, तर मात्र तो फरक उरला नाही. 'आयकिया इफेक्ट' तो हाच.

आता सीवूड्सला परत या. इथल्या दुकानाची विक्री वाढली तर श्रेय सजावटीचं की खालच्या स्टेशनचं? त्याच ब्रँडचं, तसंच सजवलेलं, पण स्टेशनपासून लांबचं दुकान तुलनेला हवं. सध्या मी तेच शोधतेय. दुकानदार विक्रीचे आकडे देतात का, ते पुढच्या वेळी.