पुढच्यास ठेच, मागचा तसाच!

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपल्या पूर्वजांनी एका गृहीतावर रचली. मागून चालणाऱ्याचे डोळे उघडे असतात आणि पुढच्याच्या पायातून आलेले रक्त त्याला दिसते, हे ते गृहीत होय. सह्याद्रीच्या रांगेत गेल्या काही वर्षांत जे घडले ते पाहता या म्हणीवरचा विश्वास डळमळू लागतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगराखाली गडप झाले आणि दीडशेवर माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गेली; सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसांचा शोध अखेर थांबवावा लागला. आणि माळीणला बरोबर दहा वर्षे होत होती त्याच दिवशी, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, याच पर्वताच्या दक्षिण टोकाकडे, केरळच्या वायनाड जिल्ह्यात पुंचिरिमट्टम, मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्यांवर डोंगर उतरला. सुमारे दीड हजार मीटर उंचीवर कडा सुटला आणि दगड, माती व झाडे यांचा लोंढा आठ किलोमीटरपर्यंत नदीच्या पात्राने धावला. चहाच्या मळ्यांत राबणारी माणसे झोपेतच वाहून गेली. काहींचे देह चालियार नदीने शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात नेऊन टाकले. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे तीनशे माणसांची नोंद शासनदफ्तरी झाली.

या संकटात माणुसकी उणी पडली नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. मळ्यांतील मजूर, मशिदी-मंदिरे-चर्चमधील स्वयंसेवक आणि लष्कराचे जवान खांद्याला खांदा लावून चिखलात उतरले. चूरलमला आणि मुंडक्कै यांना जोडणारा पूल वाहून गेला होता. तेथे लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रूपने दिवसरात्र खपून १९० फुटांचा लोखंडी बेली पूल उभा केला. त्या तुकडीत अहमदनगर जिल्ह्यातून आलेल्या मेजर सीता शेळके होत्या, याचा मराठी माणसाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जवान पूल जोडत होते त्याच दिवशी दिल्लीत आणि तिरुवनंतपुरममध्ये पूल तोडण्याचे काम सुरू झाले होते.

३१ जुलै रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले की, केरळ सरकारला २३ जुलै रोजीच, म्हणजे सात दिवस आधी, पूर्वसूचना दिली होती. २४ व २५ तारखेला ती पुन्हा दिली. २६ तारखेला वीस सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडेल आणि दरडी कोसळू शकतील असेही कळविले. शिवाय राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या नऊ तुकड्या धाडल्या. मुख्यमंत्री पिनाराई विजयन यांनी त्याच दिवशी उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की, दुर्घटनेपूर्वी वायनाडसाठी हवामान खात्याचा इशारा नारिंगी होता, लाल इशारा आला तो ३० तारखेला सकाळी सहा वाजता, डोंगर कोसळून गेल्यावर. अंदाज ११५ ते २०४ मिलिमीटरचा होता आणि ४८ तासांत पडला ५७२ मिलिमीटर. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने तर हिरवाच रंग दाखविला होता. प्रेते अजून मोजून झाली नव्हती, आणि देशाचे दोन जबाबदार पुरुष रंगांचा वाद घालीत होते!

या वादात कोण खरे व कोण खोटे याचा निवाडा करण्याची आम्हास घाई नाही. दोघांच्याही हाती कागद होते. आमचा प्रश्न वेगळा आहे. सूचना, पूर्वकल्पना, खबर, अथवा अधिक मोठा शब्द वापरावयाचा तर बुद्धी, आपण कशाला म्हणतो? एकवीसशे चौरस किलोमीटरच्या जिल्ह्याला एक रंग देणे ही माहिती आहे. त्या रंगावरून पुंचिरिमट्टमच्या चढावरील अमुक दहा घरांनी आज रात्री तेथे निजू नये, असा निष्कर्ष काढणे म्हणजे शहाणपण. पहिली गोष्ट यंत्रे करू शकतात. दुसरी माणसांनी करावयाची असते, आणि ती करण्याचा अधिकार व धैर्य कोणाला तरी दिलेले असावे लागते. दिल्लीहून निघालेला कागद तिरुवनंतपुरमला पोचला, याला केंद्र 'सूचना दिली' म्हणते. तो पुरेसा लाल नव्हता, याला राज्य 'सूचना मिळाली नाही' म्हणते. ज्या मजुराचे घर गेले त्याच्या दारापर्यंत काय पोचले, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या भाषणांत जवळजवळ नव्हताच.

आणि तरीही शहाणपण त्या जिल्ह्यात नव्हते असे नाही. कल्पेट्टा येथील ह्यूम सेंटर या संस्थेने वायनाडमध्ये दोनशेहून अधिक ठिकाणी पर्जन्यमापकांचे जाळे विणलेले आहे. ही मापके बव्हंशी शेतकरीच वाचतात. कोणत्या उतारावर किती पाऊस मुरला म्हणजे माती सुटते, याचा हिशेब ही संस्था या नोंदींवरून मांडीत असते. मुंडक्कैच्या परिसराला धोका आहे, हे आपण २९ जुलैच्या सकाळी, दुर्घटनेच्या सुमारे सोळा तास आधी, जिल्हा प्रशासनाला कळविले होते, असे या संस्थेच्या प्रमुखांनी नंतर सांगितले. सोळा तास! एवढ्या वेळात माणसांना उठवून शाळेत नेता येते. परंतु शेतकऱ्याने वाचलेला पाऊस हा शासनाच्या लेखी पाऊस नव्हे. ज्या कागदावर मोहोर नाही तो कागद नव्हे. मुंडक्कैच्या डोंगराने १९८४ च्या जुलैत चौदा माणसे घेतली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जवळच्या पुतुमला येथे सतरा गेली. डोंगर स्वतःच दोनदा बोलला होता. त्याची भाषा तेथील म्हाताऱ्याकोताऱ्यांना कळत होती, कचेऱ्यांना कळली नाही.

आपल्या महाराष्ट्राचा अनुभव निराळा नाही. इर्शाळवाडी ही दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे दुर्घटनेनंतर सांगण्यात आले. यादी होती, परंतु जी वाडी जावयाची होती ती यादीत नव्हती. माळीण गाडले गेल्याची खबर जगाला प्रथम कोणत्याही खात्याने दिली नाही. राज्य परिवहनच्या बसचा चालक नेहमीच्या रस्त्याने आला, नेहमीचे गाव त्याला जागेवर दिसले नाही, आणि त्याने ते जाऊन सांगितले. ज्याला रोजचा रस्ता ओळखीचा असतो त्यालाच काय नाहीसे झाले हे कळते. आम्ही यंत्रांच्या विरुद्ध नाही. उपग्रह, रडार, गणिते सारे हवे. परंतु या यंत्रांच्या शेवटच्या टोकाला तो बसचालक आणि तो पर्जन्यमापक वाचणारा शेतकरी जोडलेला नसेल, तर ती सारी बुद्धी अधांतरी लोंबकळत राहते.

सूचनेचे जे झाले तेच साहाय्याचे झाले. केंद्राची बाजू अशी की, राज्य आपत्ती प्रतिसाद निधी हा आधीच भरून ठेवलेला असतो, त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो, केरळच्या खात्यात पुरेशी शिल्लक होती, आणि 'राष्ट्रीय आपत्ती' अशी संज्ञाच नियमांत नाही. ही बाजू निखालस खोटी नव्हे. राज्याची बाजू अशी की, तो निधी साऱ्या राज्यातील साऱ्या आपत्तींसाठी असतो आणि त्यातून मिळणाऱ्या रकमा ठरीव असतात: मृतामागे चार लाख, डोंगराळ भागात पूर्ण पडलेल्या घरामागे एक लाख तीस हजार. एवढ्यात गाव पुन्हा वसत नाही. हीही बाजू खरीच. पुनर्वसनासाठी सुमारे २२०० कोटी रुपये लागतील असा अंदाज राज्याने दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने १५३ कोटी मंजूर केले, तेही राज्याकडील शिल्लक वळती करून घेण्याच्या अटीवर. ही आपत्ती 'गंभीर स्वरूपाची' होती असा निर्वाळा मिळाला तो ३० डिसेंबरला, म्हणजे बरोबर पाच महिन्यांनी. सुमारे तीनशे माणसे गेल्याची गंभीरता कळावयास पाच महिने लागावेत, हा कोणत्या बुद्धीचा पुरावा? फेब्रुवारी २०२५ मध्ये ५२९ कोटी ५० लाख रुपये दिले, ते कर्ज म्हणून; पन्नास वर्षांचे, बिनव्याजी, परंतु ३१ मार्चपूर्वी खर्चण्याच्या अटीसह. मध्यंतरी आपत्तींतील हवाई बचावकार्याच्या खर्चापोटी १३२ कोटी भरा, असे पत्रही राज्याकडे गेले होते. आईने मुलाला बुडताना वाचवावे आणि मग दोराचे भाडे मागावे, तशातली ही गत.

राज्य सरकारच्या पदरी पुण्य पडले असेही आम्ही म्हणणार नाही. मदतीची मागणी करताना त्याने जे अंदाजपत्रक न्यायालयापुढे मांडले, त्यात एकेका मृतदेहाच्या दफनाला पंचाहत्तर हजार रुपये धरले होते. पुढे, हा खर्च नसून अंदाज होता, असा खुलासा करावा लागला. दुःखाचा हिशेब फुगवून मांडला की खऱ्या दुःखावरचाही विश्वास उडतो, एवढे भान जबाबदार शासनाला हवे. कल्पेट्ट्याजवळील मळ्याच्या जमिनीचा वाद न्यायालयात रेंगाळला आणि नव्या वसाहतीची कोनशिला बसली ती मार्च २०२५ च्या अखेरीस, आठ महिन्यांनी. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्येच ज्या वैथिरी तालुक्याला अतिसंवेदनशील म्हटले होते, त्या समितीच्या अहवालाला केरळातील दोन्ही आघाड्यांच्या बहुतेक पुढाऱ्यांनी एकदिलाने विरोध केला होता. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष डोंगराचे ऐकावयाचे नाही एवढ्यावर मात्र एकत्र येतात!

वायनाड दूर आहे असे गोमंतकीय वाचकाने समजू नये. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांच्या माथ्यावर उभा असलेला डोंगर तोच आहे. २३ जुलै २०२१ रोजी म्हादई आणि तिच्या उपनद्यांनी सत्तरी-डिचोलीत घरे पाडली, तेव्हा दूधसागर आणि सोनावळी यांच्या दरम्यान दरडीने आगगाडी रुळांवरून ढकलली होती. सुदैवाने प्राणहानी टळली, म्हणून आपण तो दिवस विसरलो. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा वायनाडच्या दुसऱ्याच दिवशी निघाला. त्यात गोव्याचे १४६१ चौरस किलोमीटर आहेत, आणि त्यातून काही गावे वगळावीत असा आपल्या शासनाचा आग्रह राहिला. गावकऱ्यांची भीती आम्ही समजू शकतो. वरून लादलेल्या बंधनाने आपले कुळागर, आपली शेती अडचणीत येईल, ही भीती खोटी नाही. परंतु त्यावरचा उपाय गाव यादीतून काढणे हा नव्हे. गाडगीळ समितीचा आग्रह ग्रामसभांपर्यंत जाऊन ठरवावे असा होता, हे यादीचे दोन्ही बाजूंचे भांडखोर सोयीस्करपणे विसरतात.

आमच्या मते, गोव्यासारख्या लहान राज्याला येथे मोठ्यांना धडा घालून देता येईल. डोंगरपायथ्याच्या प्रत्येक पंचायतीत पर्जन्यमापक असावा आणि तो गावातल्याच माणसाने वाचावा. त्याच्या नोंदीला सरकारी नोंदीइतकीच मान्यता द्यावी. ठरीव मर्यादेपलीकडे पाऊस गेला की माणसांना हलविण्याचा अधिकार सरपंचाला असावा. त्यासाठी पणजीच्या हुकमाची वाट पाहावी लागू नये, आणि पाऊस ओसरून धोका टळला तर त्याला कोणी हसू नये वा जाब विचारू नये. फुकट गेलेली एक रात्र ही शहाणपणाची किंमत आहे. ती द्यावयास आपण तयार असले पाहिजे. आणि मदत किती, केव्हा, कोणत्या खात्यातून, हे संकट येण्यापूर्वीच लिहून ठेवावे. म्हणजे तिरडी दारात असताना हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागणार नाहीत.

राजकारणात मतभेद असणारच, ते लोकशाहीचे लक्षणच आहे. परंतु मतभेदालाही वेळ असतो. मुंडक्कैच्या डोंगराने दोनदा सांगून तिसऱ्यांदा घात केला. आमच्या डोंगराने एकदा सांगितले आहे. पुढच्यास लागलेली ठेच पाहून मागच्याने शहाणे व्हावे, ही पूर्वजांची अपेक्षा आपण पुरी करणार की नाही, याचा निर्णय येत्या मृगापूर्वी व्हावयास हवा, मृगानंतर नव्हे.