मुंबईत खोली शोधताय? एरिया नंतर, आधी लाईन ठरवा!

मुंबईत नोकरी लागली की पहिला प्रश्न येतो, राहायचं कुठं? बहुतेक जण आधी भाडं बघतात आणि इथंच गणित चुकतं.

लोकलच्या मुख्य लाईन तीन. चर्चगेटहून विरार-डहाणूकडे जाणारी वेस्टर्न, सीएसएमटीहून ठाणे-कल्याणकडे जाणारी सेंट्रल आणि वाशी-पनवेलकडे जाणारी हार्बर. शक्यतो ऑफिस ज्या लाईनवर, खोलीही त्याच लाईनवर बघा.

समजा, ऑफिस अंधेरीत आहे आणि स्वस्त खोली मिळतेय डोंबिवलीत. अंधेरी वेस्टर्नवर, डोंबिवली सेंट्रलवर. म्हणजे घाटकोपरला उतरून मेट्रो पकडा, नाहीतर दादरला गाडी बदला. तेही रोज, ऐन गर्दीत. त्यापेक्षा नालासोपारा बघितलं तर तेही लांबच, पण गाडी एकच.

जाऊन-येऊन रोज ३ तास धरले, तर २५ दिवसांचे झाले ७५ तास. म्हणजे महिन्यातले ३ अख्खे दिवस-रात्र प्रवासातच! भाड्यात वाचलेले पैसे या हिशोबात मांडून बघा.

लाईन ठरली की तीन गोष्टी विचारा. स्टेशनवर फास्ट लोकल थांबते का? तिथूनच सुटणाऱ्या गाड्या आहेत का? खोली स्टेशनपासून चालत किती मिनिटं?

आणि शेवटचं. एजंट खोली दुपारी दाखवतो, गर्दी सकाळी असते. त्यामुळे टोकन देण्याआधी एकदा सकाळी साडेआठला त्या स्टेशनवरून ऑफिस गाठून बघा.