गहू सोसत नसेल तर राजम्याचा रस्सा

काही मुलांना गहू व जव यांतील ग्लूटेन सोसत नाही; जुलाब होतात, वजन वाढत नाही. रक्ततपासणीपूर्वी मात्र गहू बंद करू नये, निदान चुकते.

सुरतेत उधना-लिंबायतच्या खानदेशी घरांना ज्वारीची भाकरी नवी नाही. तिच्याबरोबर राजम्याचा रस्सा करावा. पाव किलो राजमा रात्रभर भिजवून पाणी फेकावे. नव्या पाण्यात १० मिनिटे खळखळून उकळावा, मग मऊ शिजवावा; कच्चट राजमा बाधतो. कांदा, लसूण, टोमॅटो व तिखट परतून त्यात घालावे. दाटपणासाठी थोडा राजमा ठेचावा, कणीक लावू नये. बाजारी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, तो वगळावा. ज्वारी गव्हावर दळली तर सारे पथ्य वाया जाते, म्हणून ती घरीच दळावी.