आधी भाकरी, मग प्रवचन!

रत्नागिरीत वकिली करताना आमच्याकडे जमिनीचे, पोटगीचे, ॲट्रॉसिटीचे दावे येतात. पण काही महिन्यांपूर्वी एक उपासिका आली ती वेगळाच प्रश्न घेऊन. मुलगा पदवीधर, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. दोनदा अपयश आले आणि त्याची झोप उडाली. जेवण तुटले. तो दिवसदिवस खोलीत स्वतःला कोंडून घेऊ लागला. भावकीने सांगितले, हे बाहेरचे आहे, देवस्की बघा. भगताकडे पैसे गेले, गुण काही आला नाही. त्या माउलीने आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, पोराला मेंटल हॉस्पिटलात नेला तर कायमचा शिक्का बसेल का?"

घरात तथागतांची मूर्ती, भिंतीवर बाबासाहेब आणि उंबरठ्यावर भगत! पण आम्ही त्या माउलीला दोष देणार नाही. आमच्या व्यासपीठांवरून आम्ही आरक्षणावर बोललो, अत्याचारांवर बोललो, राजकारणावर तर बोलतच असतो. मन आजारी पडते आणि त्यावर उपचार असतो, हे आम्ही किती वेळा सांगितले?

आम्ही तिला विचारले, पोरगा खातो काय? सकाळी चहा आणि बटर, दुपारी भात आणि वरणाचे पाणी, रात्री जागरणासाठी पुन्हा चहा-बिस्किट. नाचणी घरात शिजत नाही का? ती म्हणाली, "ते जुन्या माणसांचे खाणे. पोरांना लाज वाटते."

बांधवांनो, या लाजेचाच विचार करायला हवा.

१९२७ च्या मार्चमध्ये आमच्या शेजारच्या महाडला बाबासाहेबांनी समाजाला काय सांगितले होते? मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागून खाणे सोडा. चवदार तळ्याच्या पाण्याइतकाच तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. समाजाने ते ऐकले आणि मान ताठ केली. पण पुढच्या पिढ्यांनी एक घोटाळा केला. लादलेले अन्न सोडता सोडता कष्टाने पिकवलेले अन्नही सोडले. वरकस जमिनीत, डोंगरउतारावर आमच्या आजा-पणज्यांनी घाम गाळून काढलेली नाचणी कुणी भिकेत घातली नव्हती. कुळथाची पिठी, सुकट, बोंबील, पावसाळ्यातला टाकळा, कुर्डू, कोकमाचे सार, हे आमच्या श्रमाचे आणि या मातीचे अन्न आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात ते दहाच्या घरात. ज्या नाचणीला 'गरिबांचे खाणे' म्हणून हिणवले, तीच आज शहरातल्या मॉलमध्ये चकचकीत पुड्यात महाग विकली जाते. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रसंघाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आम्ही मात्र मुंबईहून आलेल्या पैशांतून बेकरीचा पुडा आणतो आणि सुधारलो असे समजतो!

आम्ही डॉक्टर नाही. नाचणी खाऊन नैराश्य बरे होते असा खोटा दिलासा आम्ही देणार नाही. पण रक्त कमी असले, बी-१२ कमी असले, की थकवा येतो, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, हे वैद्यकशास्त्र सांगते. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, हेही सिद्ध झालेले आहे. त्या मुलाला अखेर डॉक्टरकडे नेले, तेव्हा त्याचे रक्त कमी निघाले आणि नैराश्यही निघाले. औषधे दोन्हींवर सुरू झाली.

तथागतांनी हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी शेतकरी धम्म ऐकायला उशिरा पोहोचला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि तो जेवल्यावरच उपदेश केला. भुकेल्याला धम्म कळत नाही, हे त्यांनी कृतीने शिकवले. अंगाला उपास आणि मनाला शिस्त, असे त्यांनी म्हटले नाही. कठोर देहदंड त्यांनी स्वतः करून पाहिला, सोडला आणि सुजाताची खीर स्वीकारली. आमची तरुण मुले एप्रिलमध्ये अठरा तास अभ्यासाचे उपक्रम करतात, त्यांचे कौतुकच आहे. पण बाबासाहेबांनी परदेशात अर्धपोटी राहून केलेला अभ्यास ही त्यांच्यावर लादलेली परिस्थिती होती. पुढे मधुमेहाने आणि सांध्यांच्या दुखण्याने त्यांना किती छळले, तेही मुलांना सांगा. आज उपाशी जागण्यात त्याग नाही.

आता त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ पासून उभे आहे. त्याच्या नावाने लोक एकमेकांची टिंगल करतात, ती बंद करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क केला आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी सेवेत मोफत उपचार मिळाला पाहिजे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी वेडा ठरत नाही, ते ठरवायला सक्षम न्यायालयाचा निर्णय लागतो. म्हणजे शिक्का कायद्यात नाही, तो आपल्या डोक्यात आहे! आणि भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणारा भगत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हेगार आहे. ज्यांना दवाखान्यापर्यंत जाणे लगेच जमत नाही, त्यांनी निदान १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. ही सेवा सरकारने २०२२ मध्ये सुरू केली. फोनला पैसे पडत नाहीत.

मग विहारांनी काय करावे? पौर्णिमेला वंदना झाली की अर्धा तास आरोग्यासाठी ठेवा. वर्षातून एकदा तरी महिलांची आणि तरुणांची रक्ततपासणी घडवून आणा. भोजनदानात नाचणी, कुळीथ आणि पालेभाजी मानाने वाढा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरड धान्यही आहे. रेशनवर नाचणी द्या, असा ठराव ग्रामसभेत मांडा. पंचशीलातले पाचवे शील नुसते म्हणू नका. दारूने ताटही रिकामे होते आणि मनही. ज्या घरातला पुरुष मुंबईला आणि मागे बाई एकटी म्हाताऱ्यांना सांभाळते, त्या घरी आठवड्यातून एकदा जा, बसा, बोला. बोलायला माणूस मिळणे हेही औषधच आहे.

तो मुलगा आता पुन्हा पुस्तक उघडतो. झोप लागते. पूर्ण बरा झाला असे आम्ही म्हणणार नाही, उपचार चालू आहेत. परवा त्याची आई भेटली, म्हणाली, "भाकरी खातो हो आता."

आम्हाला वाटते, चळवळीच्या कामाचा तोही एक अहवालच आहे. जयभीम!