आणा गेला, आणेवारी राहिली



लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, तेव्हा हिशेब रुपये-आणे-पैमध्येच होत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आणा व्यवहारातून गेला. आपल्या बोलण्यातून मात्र तो काही गेला नाही. आम्ही प्लॉटवर उगवण विचारली, की आजही उत्तर येतं, "साहेब, बारा आणे आहे."

याला कारण आहे. रुपया हा शब्द ‘रूप्य’ म्हणजे छाप मारलेली चांदी यावरून आला. सोळाव्या शतकात शेरशहा सुरीनं या नावाचं चांदीचं नाणं पाडलं. पुढं रुपयाचे सोळा भाग धरले गेले, तो आणा. त्याचे पैसे चार, पै बारा. एक आण्याचं निकेलमिश्रित नाणं तर १९०७ साली निघालं. त्याआधी कितीतरी वर्षं आणा हा हिशेबातला हिस्साच होता. म्हणून जमिनीची वाटणी चार आणे, पुरी गोष्ट सोळा आणे आणि पिकाची आणेवारी!

आणे गेल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली. आठ आण्यांचे पन्नास पैसे झाले. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली की टंचाई, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेपासून पाऊस, पेरणी, जमिनीतली ओल हेही बघितलं जातं.

उसाचं मात्र अजून नजरेवरच चालतं. एकरी ५० टन हे सोळा आणे पीक धरलं, तर एक आणा म्हणजे तीन टनांहून जास्त ऊस. बांधावरून बारा आणे आणि चौदा आणे यांतला फरक कळत नाही, पण तो सहा टनांचा आहे. तेवढ्यावर तोडणीचा कार्यक्रम चुकतो अन् घरखर्चाचा मेळही.

म्हणून एवढं करा. उगवणीत तूट दिसली, तर महिन्याच्या आत नांग्या भरा. तोडणीपूर्वी मधला एक गुंठा आखून गाळपालायक ऊस मोजा. दहा उसांचं सरासरी वजन काढा. हजार ऊस, सव्वा किलो वजन, म्हणजे गुंठ्याला साडेबारा क्विंटल. चाळीसनं गुणा, एकरी ५० टन. हा आकडा चिटबॉयकडं लिहून द्या.

आणे बोलण्यात खुशाल राहू द्या, नोंदीत टनच लिहा.